नणंदेच्या हातची वाटी

मैत्रिणींनो, आज पुसदले लहान नणंदेकडे रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत होती.

वजनासाठी माह्या पोटाचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. चार घासांत पोट भरते, अन् गोड खाल्लं की घाम फुटते, छाती धडधडते. हे नणंदेइतकं कोणालेच माहीत नाही. दवाखान्यात माह्या उशाशी तीच होती. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य तिनंच लिहून घेतलं.

पंगतीत सगळ्या बाया आग्रह करत होत्या. मी फक्त तिच्या हातची वाटी घेतली.

"वहिनी, तुमच्यासाठी वरणात रोडगा कुस्करला, बाकी काही नाही."

वरणाच्या तिखटात मले काहीच कळलं नाही.

थोड्या वेळानं गरगरलं. मी आतल्या खोलीत पडली होती, तं बाहेरून तिचा आवाज आला. "म्या गूळ टाकलता त्याच्यात. म्हटलं पाहू तं, खरंच तरास होते, का वहिनी नाटक करून राह्यल्या."

बाया हसल्या.

मी घरी आली तं फ्रिजवर पथ्याचा कागद. तिच्याच अक्षरात 'गोड बंद', अन् खाली तिनंच मारलेल्या दोन रेघा. रोज तो पाहूनच मी जेवते.

आता काढू का राहू देऊ, तुम्हीच सांगा.