आधी टोकाला पाणी

"आई गेली," एवढंच आतेभाऊ दत्ता फोनवर म्हणाला. नांदेडच्या माझ्या स्वयंपाकघरात नळ वाहत होता. शेवंताआत्या गेल्याचं कळल्यावर मी आधी काय केलं, तर तो बंद केला. तिच्यासमोर पाणी वाया घालवायची आमच्यात कुणाची टाप नव्हती...

अहमदपूरजवळच्या तिच्या गावात ती सरपंच असताना नळयोजना मंजूर झाली. निधी दोन हप्त्यांत येणार होता. पहिल्यात टाकी आणि टाकीखालच्या गल्ल्या, दुसऱ्यात गावाच्या टोकाची वस्ती, असं इंजिनिअरसाहेबांनी नकाशावर दाखवलं. आत्याचं घर टाकीच्या सावलीत. दुसऱ्या कुणीही मान डोलावली असती. ही म्हणाली, "उलटं करा साहेब. मोठा पाइप आधी टोकाला न्या. आमच्या गल्ल्या मागून."

"पुढचा हप्ता रखडला तर तुमच्याच घरी पाणी येणार नाही, बाई."

"रखडणारच हाय. पर टाकीखालच्या घरायचा आवाज लातूरपर्यंत जातो, टोकाच्यायचा वेशीतच राहतो. आमी तहानलेले राहिलो तरच पैसा येईल."

हप्ता रखडलाच. टोकाच्या वस्तीत नळ सुरू झाले आणि गावातली वजनदार घरं हंडे घेऊन तिकडे जाऊ लागली. लोकांनी आत्याला काय काय ऐकवलं... दत्ता तर घरात तिच्याशी बोलेना. पाइप तिच्याच दारावरून गेलेला, आणि ही डोक्यावर हंडा घेऊन सगळ्यांच्या देखत टाकीखालून यायची. "आत्या, लोक लई शिव्या देऊन राहिलेत," मी म्हणाले. "देऊ दे. जीप भरून लातूरलाबी जाऊन राहिलेत की," ती हसली. टोकाच्या वस्तीसाठी ज्यांनी साधा अर्ज केला नसता, ती माणसं आता कचेरीचे उंबरे झिजवत होती. पुढच्या उन्हाळ्याआधी पैसा आला. इतकी बेरकी आणि इतकी निर्लोभ बाई मी दुसरी पाहिली नाही. तिच्यापुढे मला आजही लहान वाटतं.

घरी नळ आल्यावरही पाणी सुटलं की ती टोकाच्या चंदरबाईला फोन करायची, "आलं का गं?" तिकडून 'आलं' ऐकलं, की मगच स्वतःची घागर नळाखाली.

तेराव्यानंतर मी तिथेच राहिले होते. पाणी सुटलं. दत्तानं घागर नळाखाली सरकवली आणि तशीच मागे ओढली. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, तेवढ्यात कोनाड्यात आत्याचा फोन वाजला. दत्तानं उचलला.

"आक्का न्हाई इचारायला, म्हणून मीच सांगते," चंदरबाई म्हणाली. "आलं हाय... भरा तुमी."