घोड्यावर राजा नाही

शिरवळच्या नाक्यावर एका कारखान्याच्या गेटासमोर चहाची टपरी आहे. ती चालवणाऱ्या मावशींनी त्या दुपारी मला उन्हातून आत ओढलं नसतं, तर मी भावाला न भेटताच माघारी फिरले असते, आणि आज हातात पुस्तकही नसतं. म्हणून आधी त्यांचं सांगते. नाव मी विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. "बस गं बाय, गेट काय पळून जातंय व्हय," एवढंच म्हणाल्या आणि पदरानं बाकडं पुसलं.

आमचं गाव रहिमतपूर. वडील लवकर गेले. मी नववीत असताना आईला लकवा मारला आणि सांगलीच्या दवाखान्यात आमचं बिऱ्हाडच झालं. मोठा भाऊ मुंबईला कामाला. सुट्टी मिळत नाही म्हणायचा. मग आईला न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं माझ्याकडे आलं. शाळेतून बाईंचा निरोप यायचा, कधी येतेस. पुढं निरोप यायचा बंद झाला.

भाऊ फोन मात्र रोज करायचा. मी तो आईच्या उशीवर ठेवून आवाज मोठा करायचे, की खोलीतल्या सगळ्या बायका कान द्यायच्या. मुंबईच्या अशा गोष्टी त्याच्याकडे असायच्या की त्या मुंबईत राहणाऱ्यालाही ठाऊक नसतील.

"आये, गेटवे हाय न्हवं, ते राजाच्या स्वागताला. पर राजा आला तवा कमानच तयार न्हाई. मग पुठ्ठ्याची करून दावली त्याला. खरी उभी ऱ्हायली तवा राजा कवाचा घरी गेलावता."

आई अर्ध्या तोंडानं हसायची. मोठ्या स्टेशनाच्या फाटकावर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह म्हणजे इंग्रजांचा देश, वाघ म्हणजे आपला. हेही त्यानंच सांगितलं. पण आईचा जीव जडला होता विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर. एका व्यापाऱ्याच्या आईला दिसत नव्हतं. जैनांचा नेम, दिवस मावळायच्या आत जेवायचं. ठोके ऐकून तिला वेळ कळावी म्हणून लेकानं मनोऱ्याला पैसा दिला, आणि नावही आईचंच दिलं, असं म्हणतात.

शेजारच्या खाटेवरची कडेगावची म्हातारी हे ऐकून म्हणाली, "त्यानं मनोरा बांदला. तुजा ल्योक येक दिस डबा तरी घिऊन यील का?"

आई तिच्याशी बोलायची थांबली. मीही. आमच्या भावाला कुणी बोललेलं आम्हाला खपत नव्हतं.

"मी रोज काळ्या घोड्याखालनंच कामाला जातो," असं तो सांगायचा. "वर राजा बसलाय आन त्याच्या डोक्यावर कबुतरं." आईला तो राजा एवढा आवडायचा, की सकाळी उठल्यावर विचारायची, "आज बसली असतील का गं कबुतरं?"

पुढं आई काठीवर चालायला लागली. आत्या आमच्याकडे राहायला आली आणि मी गिरगावात एका आजींच्या सोबतीचं काम धरलं. आजाऱ्याचं करणं तेवढं मला येत होतं. मी येतेय म्हटल्यावर भाऊ म्हणाला, मला कंपनी बाहेर पाठवतेय, आत्ता भेट नको. मला काही वाटलं नाही. पहिल्या सुट्टीला मी विचारत विचारत काळ्या घोड्यापाशी गेले, त्याच्या वाटेनं एकदा चालावं म्हणून.

घोडा होता. पाठ मोकळी होती. मी त्याच्याभोवती फिरून आले. तिथल्या नारळपाणीवाल्याला विचारलं, "ह्याच्यावरचा राजा कुठं गेला?"

"कुठल्या काळात आहात ताई," तो म्हणाला. "राजाचा पुतळा राणीच्या बागेत नेला, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. हा घोडा नवा. ह्याच्यावर कुणी बसलंच नाही."

मी तिथूनच फोन लावला. "दादा, राजा कुठं हाय?"

"असंल की वर."

"न्हाई."

त्याच्या मागं गाड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "मी शिरवळला हाय, नाक्यावरच्या कारखान्यात. गावाकडं जाशील तवा उतर." कधीपासून, म्हणेपर्यंत फोन बंद.

म्हणून मी त्या गेटासमोर उन्हात उभी होते. मावशींनी चहा पुढं ठेवला आणि कुणाकडं आलीस विचारलं. मी सांगितलं.

"त्यो रहिमतपूरचा? आगं, ह्याच बाकड्यावर बसून आयला फोन करतो की. आधी मोबाइलवर बघतो, मंग सांगतो. माजं बी समदं पाठ झालंय. पुठ्ठ्याचं गेट, वाघ, सिव्ह. मी म्हनते, बाबा तू गाइडच हो." मग माझ्या तोंडाकडं बघून त्या थांबल्या. "त्यो मुंबईत हाय म्हनला व्हता व्हय तुमाला?"

"कधीपासनं हाय हितं?"

"माजी टपरी लागून पाच वरसं झाली, त्येच्या आदीपासनं."

शिरवळहून आमचं गाव दोन एस.टी. बदलल्या की येतं. सकाळी निघालेला माणूस आईला जेवू घालून संध्याकाळी परत येऊ शकतो. हे मी बसल्या जागी तीनतीनदा मनात करून पाहिलं.

कारखान्याची पाळी सुटली. मला पाहून तो सोबत्यांच्या मागं रेंगाळला, मग आला.

"मुंबईला गेलावतास तरी का?"

"गेलो व्हतो. म्हयनाभर. न्हाई जमलं. निगताना समद्या गल्लीनं हातात नारळ दिलावता, माघारी कसा येऊ?"

"मग शिरवळ सांगायचं."

तो नखानं बाकडं खरवडत राहिला. "शिरवळ म्हनलं असतं तर बोलावलं असतं तुमी. आन आलो असतो तर सुटलो नसतो."

"आन मी?"

"तू व्हतीस की."

एस.टी.ची वेळ सांगावी तसं म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते. "आयला सांगू नगंस," एवढं बोलून तो उठला. मावशींनी त्याच्यासाठी भरलेला ग्लास तसाच मातीत ओतला.

"शाळा किती झाली तुजी?" त्यांनी मला विचारलं.

"आठवी."

"माजी पोरगी सतरा नंबरचा फारम भरून घरनंच धाव्वी झाली. आदी रडून घे. मंग सांगते कसा भरायचा."

मी त्याच क्रमानं केलं.

आता आजी दुपारी झोपल्या की मी पुस्तक उघडते. गणिताची भीती वाटते. आईला अजून सांगितलेलं नाही. भाऊ तिला फोन करतो, कुठून करतो कोण जाणे. आई मला विचारते, "राजाच्या डोक्यावर कबुतरं हायत का गं अजून?" मी म्हणते, "कबुतरं हायत, आई." तेवढं खरं आहे.

मावशी, मुंबईच्या गाड्या दिवसभर तुमच्या टपरीवरून जातात आणि तुम्ही पुण्याच्या पुढं गेला नाहीत, असं तुम्हीच म्हणाला होतात. दहावी झाले की मी शिरवळला उतरणार आहे. त्या दिवशी किटली झाकून ठेवा. तुम्हाला आधी घोड्याची मोकळी पाठ दाखवीन, मग त्या मनोऱ्याखाली नेईन, आणि ठोके पडेपर्यंत आपण दोघी तिथंच उभ्या राहू.