नैरोबीहून आलेली सही

रामाकोन्याची आमची संत्र्याची बाग सरकारनं रस्त्यासाठी घ्यायचं ठरवलं, म्हणून आम्ही तिघा भावांनी हायकोर्टात अर्ज करायचं ठरवलं. मोठा भाऊ नैरोबीला रेल्वेत नोकरीला. वकील म्हणाले, वकीलपत्रावर त्याचीही सही पाहिजे, आणि त्यावर तिथल्या भारतीय कचेरीचा शिक्का. कागद बोटीनं गेला, चार महिन्यांनी आला. तोवर छप्पन सालची राज्यांची नवी वाटणी झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचं गाव मागंच राहिलं, म्हणून आमचं हायकोर्ट आता जबलपूरला, आणि कागदावर छापलेलं नागपूर. पुन्हा नवा कागद, पुन्हा चार महिने.

तो कागद आला त्या दिवशी मी आंघोळीला काय गेलो, मायनं पाकीट फोडून कागद देवापुढं ठेवला. आमच्या घरातून कोणताच महत्त्वाचा कागद कुंकू लावल्याशिवाय बाहेर जात नाही. ओल्या कुंकवाचं बोट नेमकं सहीवर आणि शिक्क्यावर.

"माय, हे काय करून ठेवलं?"

"मंग, लेकाच्या हातचा कागद कोर्टात तसाच कोरा धाडू का?"

वकिलांनी तो कागद दोन बोटांत धरून मला परत दिला. मी तिसरा लिफाफा तयार केला आणि पत्ता घालून वर पाहिलं. माय समोर उभी होती, हातात कुंकवाचा करंडा घेऊन.