टपावरचा कठडा

आखाडा बाळापूरच्या बाजारात बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवणारा एक म्हातारा लोहार होता. सगळे त्याला चाचा म्हणत. नाव मीही विचारलं नाही. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात निजामी मुलखातली गडबड वाढली आणि आम्ही पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात जायचं ठरवलं. माझी मोटार इतकी लहान, की चौघं बसल्यावर पाण्याचा तांब्याही मांडीवर घ्यावा लागे. म्हणून ट्रंकांसाठी टपावर कठडा बसवून घ्यायला मी त्याच्याकडे गेलो.

त्यानं मोटारीकडे पाहिलंच नाही. "आधी सामान दाखवा," म्हणाला. दोन ट्रंका आणि वळकटी त्यानं सुतळीनं मोजली, सुतळीला गाठी मारल्या आणि मग ती टपावर धरली. टप चार बोटं कमी पडला. त्यानं दाढी खाजवली आणि कठडा तेवढा बाहेर काढायचं ठरवलं.

एरवी त्याचं काम तापवून ठोकलेल्या खिळ्यांचं, जन्मभर न सुटणारं. कठड्याला मात्र त्यानं नट-बोल्ट लावले आणि प्रत्येकावर गाडीच्या चाकाचं काळं वंगण फासलं.

"चाचा, ठोकून पक्का का नाही केला?"

"पक्का काहून करायचा, वकीलसाब? तुमी वापस आल्यावर काढावा लागंल न्हाई का?"

मी "व्हय" म्हणालो.

पुढे अकोल्यात मोटार विकली. घेणाऱ्याला कठडा नको होता. इतक्या वर्षांनी बोल्ट गंजले असतील म्हणून मी मोठा पाना आणला, पण ते नुसत्या बोटांनी सुटले. हात वंगणानं काळे झाले. आखाडा बाळापूरला मी तोवर एकदाही परत गेलो नव्हतो.