राजश्रीच्याच साइट कामून दिसतात

वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात कसले किस्से घडणार, असं लोकांना वाटतं. आमच्या भालकीच्या ऑफिसात आम्ही तिघंच: मालक अण्णा, मी आणि राजश्री. पण अण्णांनी जाहीर करून ठेवलंय की कलबुर्गीला नवीन ऑफिस उघडणार आणि तिथली खुर्ची आम्हा दोघींपैकी एकीला. तेव्हापासून किस्से आपोआप साठत चाललेत. खुर्ची मला हवी होती, हे आधीच सांगते.

*

खटकचिंचोळीच्या एका पेढेवाल्याची साइट मी केली. उघडली की गुलाबी कमळ हळूहळू फुलायचं. किती खपले होते त्या कमळासाठी! त्याच गावातल्या दुसऱ्या पेढेवाल्याची राजश्रीनं केली. पांढरं पान, काळी अक्षरं, रेशन दुकानाच्या पाटीसारखं. पण सर्च केलं की तिच्या पेढेवाल्याचा फोटो, भाव, दुकानाची वेळ, सगळं दिसायचं. माझ्याच्या नुसत्या दोन कोरड्या ओळी.

माझा पेढेवाला ऑफिसात आला, चहा प्यायला, कमळाची तारीफ केली आणि उठताना म्हणाला, "मॅडम, त्याचे पेढे दिसायलेत. माझं तर कमळ बी दिसंना."

*

मग राजश्रीला विचारावं लागलं. तिनं सांगितलं, पानाच्या मागं एक वेगळा कोड लिहायचा. माणसांना तो दिसत नाही, सर्चचं मशीन वाचतं: हे दुकान, हे नाव, ही वेळ, हा भाव. त्यानं साइट वर चढेलच असं नाही, पण माहिती नीट मांडलेली दिसते आणि लोक तीच साइट उघडतात.

वेळ तर मीही लिहिलीय, मी म्हणाले, लाल आणि चमकणारी.

"मशीनला लाल काय अन् हिरवं काय, अक्का," ती म्हणाली. "त्याला सांगावं लागतंय, ही वेळ हाय म्हणून."

अक्का म्हणे! मी तिच्यापेक्षा जेमतेम दोन महिन्यांनी मोठी.

*

मी लगेच पेढेवाल्याचा कोड लिहिला. राजश्रीच्या पेढेवाल्याचं दुकान सोमवारी बंद असायचं. माझ्याचंही असायचं, पण तिच्यापेक्षा एक दिवस जास्त दिसावा म्हणून मी आठवडाभर उघडं असं लिहून टाकलं. थोड्या दिवसांनी सर्चमध्ये दिसायलाही लागलं. पेढेवाल्याचा फोन आला.

"मॅडम, सोमवारी कुलपासमोर गर्दी व्हायलीय. उघड्या दिवशी एवढी नसती."

*

मधेच मला लातूरचं एक स्थळ आलं. मुलाकडच्यांनी आधी आमचं ऑफिस सर्च केलं. ऑफिसची साइट राजश्रीची, त्यामुळे तिचा हसरा फोटो, शिक्षण, काम, सगळं तिथं हजर. माझंही टाकते म्हणाली होती, पण तिचे उपकार नकोत म्हणून मीच नको म्हटलं होतं.

पोहे झाले. मुलाच्या आईनं मला नाव विचारलं, मग माझ्या आईकडं झुकून हळूच म्हणाली, "त्या हापिसातल्या दुसऱ्या पोरीचं लगीन झालंय का हो?"

झालंय, असं मीच सांगितलं. आईला तोंड उघडू दिलं नाही.

*

हुलसूरच्या मंगल कार्यालयाचे मालक काशिनाथअप्पा म्हणजे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. भालकीच्या कार्यालयातले कार्यक्रम तारखेसकट सर्चमध्ये दिसतात, आपले का नाहीत, असं त्यांनी विचारलं. भालकीचं काम अर्थातच राजश्रीचं. अप्पा तिच्याकडं गेले तर माझी कलबुर्गीही गेली.

मी गुपचूप तिच्या साइटवरचा कोड उचलला. तो एका भजनाच्या कार्यक्रमाचा होता. नाव, जागा, तारीख बदलून हुलसूरचं पुढचं लग्न टाकलं. बाकीच्या ओळी तशाच राहिल्या: सर्वांसाठी खुले, प्रवेश मोफत, जेवणाची सोय आहे.

लग्नाच्या दिवशी आसपास आज काय आहे असं ज्यानं शोधलं, त्याला ते लग्न दिसलं. औरादहून माणसं आली, सीमेपलीकडच्या निलंग्याहून आली. आचाऱ्यांनी भाताची हंडी पुन्हा पुन्हा चढवली.

दुसऱ्या दिवशी काशिनाथअप्पा ऑफिसात आले, सोबत नवरीचे वडील आणि त्यांचे एक चुलतभाऊ. मी माझी बाटली आणि चार्जर आधीच पिशवीत भरून ठेवले होते. नवरीच्या वडिलांनी चक्क हात जोडले. भावकीत एवढं मोठं लग्न आजवर झालं नव्हतं, म्हणाले. चुलतभावाचं तोंड मात्र आंबट झालेलं.

"पुढल्या महिन्यात माझ्या पोरीचं हाय," ते म्हणाले. "ह्याच्यापेक्षा जास्त मान्सं पाहिजेत. अन् काम ह्याच प्रतिभा मॅडमनं करायचं."

ते गेल्यावर अण्णांनी कलबुर्गीच्या किल्ल्या काढल्या. मी हात पुढं केला. त्यांनी किल्ल्या राजश्रीसमोर ठेवल्या.

"तुम्हाला कसं सोडू?" अण्णा मला म्हणाले. "गिऱ्हाईक तुमचं नाव घेऊन यायलेत."

राजश्रीनं किल्ल्या उचलल्या, पण तिचा चेहरा काही खुलला नाही.

"मला आजवर कुणी असं नाव घेऊन मागितलं न्हाई," ती म्हणाली. "तुमचं बरं हाय, अक्का."