वळणावर जीव टाकणारे साडू

आमच्या साडूंइतका वळणावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी फिरायला गेलो की वाट जिथे वळते तिथे ते थबकतात आणि गर्दीतलं कोण आतल्या अंगाने जातं, कोण बाहेर फेकलं जातं, ते डोळे अर्धे मिटून बघत राहतात. जेवताना कढीगोळ्यांची वाटी हळूच गोल फिरवतात. "काहून फिरवून राहिले? जेवा नं," मेहुणी करवादते. "पापा फिर खो गए," लेक म्हणते. साडू मात्र गोळ्यांबरोबर तरंगत कुठेतरी पोचलेले असतात.

नवा रायपुरातल्या प्रयोगशाळेत ते औषधांसाठी जिवंत पेशी वाढवतात. मोठ्या भांड्यात जित्या पेशींबरोबर मेलेल्यांचा चुराही साठतो. तो काढायला गाळणी लावली की ती तुंबते. म्हणून साडूंनी तळहाताएवढ्या पारदर्शक रबराच्या चकत्यांत केसासारखी बारीक, चकलीसारखी वळत जाणारी वाट कोरली. तिच्यातून द्रव जोरात सोडला की टपोऱ्या जित्या पेशी आतल्या काठाला लागतात, बारीक चुरा बाहेरच्या, आणि शेवटी वाटेला दोन फाटे. "गाळणी अडवते, भाऊ. वळण कोणाले अडवत नाही," ते मला सांगत. प्रयोगशाळेत सगळे हसत.

एके दिवशी गाळणी पुरती तुंबली. साहेब म्हणाले, भांडं ओतून टाका. साडूंनी संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली आणि आपल्या चकत्या जोडल्या. सकाळी उपाशीच निघाले होते, म्हणून मेहुणीने माझ्या हाती डबा धाडला. पोचलो तर साडू दोन नळ्यांसमोर बसलेले, तोंडावर बोट. एका नळीतून जित्या पेशी भांड्यात परतत होत्या, दुसरीतून गढूळ पाणी बाटलीत ठिबकत होतं. खिडकीतलं ऊन सरकत सरकत भिंतीवर गेलं. डबा तसाच राहिला.

संध्याकाळी साहेबांनी तपासून पाहिलं. भांडं वाचलं होतं. त्यांनी साडूंची पाठ थोपटली, कोणीतरी जिलेबी आणायला धावलं.

साडूंनी मात्र गढूळ बाटलीतला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि बराच वेळ वाकून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही जित्या इकडं आल्या, भाऊ. चुकून."

"थोड्याच ना?"

"हव. थोड्याच."

बाहेर जिलेबी वाटणं चाललं होतं. साडूंना दोनदा हाक आली. त्यांनी बाटली उचलली, उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत धरली, आणि तिला हलकेच, झोपलेल्या पोरीला खाली ठेवावं तशी, पुन्हा टेबलावर ठेवली.