फायबरची भिंत

त्याचं नाव मी विचारलंच नाही. जळगावहून फायबरच्या शीट घेऊन आलेला पन्नाशीचा कारागीर होता. प्रत्येक शीटवर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि कान लावायचा.

"नुसतं फायबर ढोलासारखं वाजतं, भाऊ. दोन शीटमध्ये फोम भरला आणि फटी बुजवल्या, की मग आवाज अडतो."

मी देवपूरच्या घरी ऑनलाइन शिकवण्या घेतो. रस्त्यावरच्या गाड्यांचा त्रास होतो, असं मी त्याला सांगितलं होतं. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता पूर्वेला होता आणि शीट मी लावून घेत होतो पश्चिमेला. त्या भिंतीपलीकडे माझे वडील अंथरुणाला खिळलेले. दर पाच मिनिटांनी त्यांची हाक यायची, "कितला वाजनात रे?"

शेवटची फटसुद्धा त्यानं नीट बुजवली, हात धुतले आणि वडिलांच्या खाटेशी जाऊन वाकला. माझ्याशी शुद्ध बोलणारा माणूस त्यांच्याशी अहिराणीत बोलला.

"आबा, आते हाक जरा जोरमा मारज्यात. मधमा भिंत शे."

आबांनी समजूतदारपणे मान हलवली. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी मी सलग दोन तास शिकवलं. एकही हाक ऐकू आली नाही. बाहेर येऊन विचारलं, "आबा, पाणी देऊ?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा कळलं. त्यांचा घसा पार बसला होता.